फोटोत टाकलेली हळद

इंदूरच्या सुदामा नगरात भाड्याची खोली मागणाऱ्या एकट्या मुलाला काय काय विचारतात ते मला पाठ होतं. नोकरी कुठे, गाव कुठलं, मित्र किती येतात, खाणं काय. सगळ्यांची उत्तरं घोकून मी बेल दाबली. दार उघडलं ते एका उंच, सडसडीत बाईंनी. अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात दोरीला लटकवलेली शिटी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शेवटची चूक कोणती केलीस?"

"जी?"

"चूक रे. गलती. अलीकडची सांग, बचपनची नको."

मी सभ्य मुलासारखा म्हणालो, "तशी काही नाही, काकू."

"मग खोली पण नाही," असं म्हणून त्यांनी दार लोटायला घेतलं.

मी घाबरून सांगून टाकलं की आत्ता येतानाच उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो होतो. बस भलतीकडे चालली आहे हे कळलं होतं, पण कंडक्टरला विचारायची लाज वाटली, म्हणून बसूनच राहिलो.

दार थांबलं. "लाज वाटली म्हणून पुढे जात राहिलास? कुठपर्यंत?"

"शेवटच्या स्टॉपपर्यंत."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. आत वळून त्या म्हणाल्या, "अहो, चहा टाका. चांगला मुलगा आला आहे." अशी मला खोली मिळाली. पुढे दोन वर्षं मी त्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहिलो आणि त्या काळात हा प्रश्न त्यांनी कोणाकोणाला विचारला याची गणतीच नाही. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारला, दातांच्या डॉक्टरांना खुर्चीत तोंड उघडायच्या आधी विचारला. एका लग्नात तर स्टेजवर चढून नवरदेवाला विचारला. त्या बिचाऱ्यानं नकळत नवरीकडे पाहिलं आणि काकांनी काकूंना हाताला धरून जेवणाच्या रांगेकडे नेलं.

काका म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि काकूंनी ते आनंदानं सोडून दिलं. काकू महूच्या छावणीत वाढलेल्या, वडील फौजेत हवालदार. गळ्यातली शिटी आणि मनगटावरचं घड्याळ त्यांचंच. काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, तीही फॉल्ट सेक्शनला. म्हणजे शहरात कुठे फोन मुका झाला की तो का मुका झाला हे शोधायचं. लोक निवृत्तीनंतर योगासनं करतात, काकूंनी भाच्याचा जुना लॅपटॉप घेऊन प्रोग्रामिंग धरलं. आधी स्वतः शिकल्या, मग दर रविवारी सकाळी घराच्या ओट्यावर नवशिक्यांचा दवाखाना सुरू केला. हा शब्द त्यांचाच. क्लास म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "क्लासमध्ये लोक शिकायला येतात. इथे बिघडलेलं घेऊन यायचं," असं त्या म्हणत. इंजिनीअरिंगची मुलं, बँकेतला एक क्लार्क, एक शाळेतल्या बाई, असे नाना तऱ्हेचे लोक लॅपटॉप पोटाशी धरून यायचे आणि त्यांना 'मॅडमजी' म्हणायचे.

मला हे काही माहीत नव्हतं. पहिल्या रविवारी सकाळी खालून शिटी ऐकली आणि वाटलं कचऱ्याची गाडी आली. इंदूरमध्ये राहणाऱ्या माणसाचे पाय अशा वेळी आपोआप पळतात. मी पायजम्यावर, ओल्या कचऱ्याची बादली घेऊन जिना उतरलो, तर ओट्यावर दहाबारा माणसं लॅपटॉप उघडून बसलेली. सगळी माझ्याकडे बघायला लागली.

"बघा," काकू म्हणाल्या, "हा वेळेवर आला. बस भिया, बादली घेऊनच बस. आजचा विषय तुझ्याच हातात आहे."

आणि त्यांनी खरंच त्या बादलीवर शिकवलं. स्ट्रक्ट म्हणजे काय, तर आपली कचऱ्याची गाडी. तिला कप्पे ठरलेले, ओला इथे, सुका तिथे, काच वेगळी. कप्पे आपण आधी ठरवायचे, मग त्यात माल भरायचा. ओल्याच्या कप्प्यात काच टाकायला गेलं की गाडीवाला चिडत नाही, भांडत नाही, नुसती पिशवी परत हातात देतो. "कंप्युटरची लाल एरर येते ना, ती हीच पिशवी समजा," काकू म्हणाल्या. "इज्जत नाही जात त्यात. परत घ्यायची, बघायची, बरोबर कप्प्यात टाकायची. बस." त्या दिवसापासून मला लाल अक्षरांची भीती वाटेनाशी झाली. बादलीतल्या केळ्याच्या सालांमुळे जवळ बसलेल्या क्लार्कला मात्र थोडा त्रास झाला.

आता मी इंदूरला का आलो होतो ते सांगायला हवं. इंदूरजवळ बेटम्याला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. बी. कॉम. झालो आणि बाबांना म्हणालो की मला प्रोग्रामिंग करायचं आहे. बाबा वाईट नाहीत, फक्त कमी बोलतात. दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्यांनी चेहरा सरळ केला आणि म्हणाले, "हे बघ, पुढच्या दिवाळीपर्यंत काय करायचं ते कर. नोकरी लागली तर ठीक. नाही तर दुकान आहेच." मी कबूल केलं. दिवाळी तेव्हा वर्षभर लांब होती आणि लांबची दिवाळी कोणालाही छान वाटते.

पण पाऊसपाणी होऊन गणपती जवळ आले तसा बाबांनी एक फोटो पाठवला. दुकानावर नवा बोर्ड रंगवून घेतला होता. पिवळ्यावर हिरवी अक्षरं, त्यांचं नाव, त्यापुढे 'आणि', आणि त्या 'आणि'च्या पुढे हातभर मोकळी जागा. माझं नाव येईल एवढी. फोटोखाली त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुकानाचा मला राग नव्हता, गल्ल्यावर बसून मी लहानाचा मोठा झालो. पण एकदा त्या जागेत नाव रंगवलं की ते काही पुसलं जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी फोटो काकूंना दाखवला. वाटलं, धीर देतील. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "तुझे बाबा ग्रेट आदमी आहेत. त्यांना स्ट्रक्ट कळतो."

मग त्यांनी पेटीची गोष्ट सांगितली. लहानपणी महूला दर रविवारी त्यांचे वडील मुलांच्या पेट्यांची तपासणी करायचे. पलंगावर चादर अंथरायची, तिच्यावर सगळं सामान ओळीनं मांडायचं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. एकदा काकूंचे मोजे हरवले. बोलणी बसतील म्हणून त्यांनी मोज्यांच्या जागी रुमाल घडी करून ठेवला. वडिलांनी रुमाल उचलला, बाजूला केला आणि म्हणाले, मोजे नसतील तर जागा रिकामी ठेव. रिकामी दिसली तर मला कळेल काय आणायचं आहे. तू रुमाल ठेवलास तर मी सब ठीक म्हणून निघून जाईन आणि थंडीत तुझेच पाय गारठतील.

"म्हणून सांगते, फोन नंबर नसेल तर नऊ-नऊ-नऊ भरू नका," काकू दर रविवारी कोणाला तरी बजावत. "नवीन लोकांना रिकामी जागा बघवत नाही. काहीतरी कोंबतात. अरे, राहू दे ना खाली. खाली म्हणजे खोटं थोडीच आहे." मला ते प्रोग्रामच्या बाबतीत पटलं. बोर्डाच्या बाबतीत अजिबात पटलं नाही.

काकू कोणाचीही चूक स्वतः दुरुस्त करत नसत. दुसऱ्याच्या कीबोर्डला बोट लावणं त्यांना दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं वाटायचं. त्यांची रीत वेगळी होती. चूक सापडली की त्या म्हणायच्या, "शाबास. आता दुबारा कर." म्हणजे आधी सुधारायचं, मग तीच चूक मुद्दाम परत करून दाखवायची, मग परत सुधारायचं. लोकांना ते खुळेपण वाटायचं. पण काकू हलायच्या नाहीत. "नकळत झाली तर ती चूक तुझी मालकीण. कळून केली तर तू मालक," हे त्यांचं एक वाक्य, आणि "जी लाइन आपोआप सुरू होते ती आपोआप मरते," हे दुसरं. हे दुसरं एक्स्चेंजमधून आलेलं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका प्रसूतिगृहाची बंद पडलेली लाइन इकडेतिकडे तारा हलवून सुरू केली होती. कशानं सुरू झाली हे त्यांनाही कळलं नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्याच दिवशी ती लाइन परत गेली आणि या वेळी कितीही हलवलं तरी येईना. "पूरा दिवस तिथल्या नर्सबाई शेजारच्या दुकानात फोन करायला पळत होत्या," काकू सांगायच्या. "आणि मी शाबासकी घेऊन बसलेली." हे सांगताना त्या हसत नसत.

एकदा एक चुणचुणीत मुलगी आली. तिनं चहाचा स्ट्रक्ट केला होता. दूध, साखर, आलं, सगळे कप्पे नीट. त्या चहाला तिनं एक मेथड दिली होती. मेथड म्हणजे त्या वस्तूला सांगता येईल असं काम. तिनं लिहिलेलं काम होतं, 'पी'. प्रोग्राम चालत होता, तिला वाटत होतं शाबासकी मिळेल. काकूंनी काकांकडून कपभर चहा मागवला, तिच्यासमोर ठेवला, आणि कपाकडे बघून गंभीरपणे म्हणाल्या, "पी."

काकू कपाकडे बघत बसल्या, म्हणून आम्हीही बघत बसलो. चहावर साय धरली.

"नाही पीत," काकू म्हणाल्या.

"मॅडमजी, काय चुकलं?"

"मला नको विचारू. कपाला विचार."

मुलगी आधी रडकुंडीला आली, मग हसायला लागली. "चहा कसा पिणार, पिणारी मी आहे."

"मग काम कोणाच्या नावावर पाहिजे?"

"माझ्या."

"तर पी आता. आणि मग दुबारा चुकवून दाखव." तिनं गार चहा एका घोटात संपवला. पुढे तिला हैदराबादला चांगली नोकरी लागली आणि ती अजून काकूंना दर रविवारी चहाच्या कपाचा फोटो पाठवते.

एक मुलगा मात्र एकदाच आला. हल्ली कंप्युटरला सांगितलं की तोच प्रोग्राम लिहून देतो, तसा लिहून घेऊन आला होता. देखणा, स्वच्छ प्रोग्राम. काकूंनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात तू कुठे चुकलास?"

"कुठेच नाही, मॅडमजी. परफेक्ट आहे."

काकूंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून त्याला परत दिला. "मग इथे नको बसू, भिया. निरोगी माणसानं दवाखान्यात बसलं की उगीच दुसऱ्याचा ताप लागतो." पोहे मात्र त्याला खाऊ घालूनच पाठवलं.

पोह्यांवरून माझ्याकडे यायला हवं, कारण माझी चूक सगळ्या ओट्यानं खाल्ली. खऱ्याखुऱ्या दवाखान्यात पेशंटना नंबर देणारा एक प्रोग्राम मी लिहीत होतो. नवा पेशंट आला की नंबर एकानं पुढे जायला हवा. स्ट्रक्ट नीट होता, 'पुढे जा' ही मेथडही होती, लाल एरर एकही नाही. आणि तरी येईल त्या पेशंटला पहिला नंबर मिळत होता. मी आठवडाभर डोकं धरून बसलो होतो. दिवाळी जवळ येत चालली होती आणि मला एकाच्या पुढे मोजता येत नव्हतं.

काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या जवळजवळ नाचल्या. "सब के सब पहले? वा. किती खुश होतील पेशंट." मग त्या आत गेल्या आणि काकांच्या हातातला मसाल्याचा डबा घेऊन आल्या. काका ओट्यावरच्या मंडळींसाठी पोहे करायच्या बेतात होते. हळदीची वाटी रिकामी झाली होती म्हणून त्यांनी नवी पुडी फोडली होती, तीही काकूंनी घेतली. उघड्या डब्याचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, मोबाइल माझ्यासमोर धरला, आणि पुडी माझ्या हातात दिली.

"टाक हळद."

"कशात?"

"यात. फोटोत. रिकामी वाटी दिसून राहिली आहे ना?"

मी चिमूटभर हळद मोबाइलच्या काचेवर टाकली. सगळे हसले. काकूंनी काच पुसली, डबा झाकण लावून आत पाठवून दिला आणि पुडी स्वतःच्या मांडीखाली ठेवली. आतून काकांचा आवाज आला, "अहो, हळद कुठाय?"

"टाकली आहे," काकू म्हणाल्या. "या मुलानं टाकली आहे. करा तुम्ही पोहे."

काका चित्रकार माणूस, त्यांना बायकोची सवय होती. थोड्या वेळानं पोहे आले ते पांढरेफटक. वर शेव होती, जीरावन मसाला होता, कांदा-कोथिंबीर सगळं होतं, पण इंदूरमध्ये जन्मलेल्या माणसानं असे पोहे कधी पाहिले नव्हते. क्लार्कसाहेब बशीकडे बघून म्हणाले, "मॅडमजी, हे काय, सुतक आहे का?"

"डबा वेगळा, डब्याचा फोटो वेगळा," काकू मला म्हणाल्या. "तुझी मेथड काम बरोबर करून राहिली आहे. पण तिच्या हातात तू डबा दिलाच नाहीस, नक्कल दिली. ती बिचारी नकलेत एक मिळवते, काम झालं म्हणते, नक्कल फेकली जाते. असली डबा जिथल्या तिथे. म्हणून सगळे पहिले."

ज्या भाषेत मी लिहीत होतो त्यात यावर उपाय एवढासाच. मेथड लिहिताना स्ट्रक्टच्या नावाआधी एक छोटी चांदणी टाकायची. चांदणी म्हणजे फोटो नको, खरा डबा दे. मी चांदणी टाकली. पहिला, दुसरा, तिसरा, नंबर सुरसुर पुढे गेले. मी टाळी वाजवणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "शाबास. काढ ती चांदणी. दुबारा." मी काढली, सगळे पेशंट परत पहिले झाले. परत टाकली. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून ते इतक्या वेळा करून घेतलं की पांढरे पोहे गार झाले. तरी मी ते सगळे खाल्ले, कारण माझीच हळद होती.

दसरा झाला आणि तुकोगंजमधल्या एका कंपनीतून बोलावणं आलं. दिवाळीच्या आधीची ती शेवटची मुलाखत होती. ही गेली की बेटमा. काकांनी हातावर दही-साखर ठेवली. काकू जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "चुका बरोबर घेतल्यास ना?" मी हो म्हणालो. बसनं जाताना या वेळी दोनदा कंडक्टरला विचारून घेतलं.

दातांच्या दवाखान्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. आम्ही सातआठ जण होतो, बाकीचे सगळे इंजिनीअर. एका बाईंनी सगळ्यांना छोटा प्रोग्राम लिहायला सांगितला, एका ग्रंथालयाचा. कंप्युटरकडून प्रोग्राम लिहून घ्यायचीही मुभा होती. सगळ्यांचे प्रोग्राम झटपट झाले आणि सगळ्यांचे चालले. माझा शेवटी झाला. मला वाटलं, आटोपलं. बाबांच्या बोर्डावरची हिरवी अक्षरं डोळ्यांपुढे यायला लागली.

मग त्या बाई म्हणाल्या, "छान. आता आपला प्रोग्राम बिघडवा. एरर यायला नको, पण उत्तर चुकायला पाहिजे. आणि का चुकलं ते मला सांगा."

बाजूचा मुलगा आपल्या देखण्या प्रोग्रामकडे असा बघत होता की त्याला कुठून चिमटा काढावा ते कळेना. मला मात्र हसू आवरेना. दर रविवारी ओट्यावर मी दुसरं काय केलं होतं? मी चांदणी काढली, कितीही पुस्तकं दिली तरी कपाटातली संख्या हलेना. चांदणी परत टाकली आणि एका कप्प्याच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर लहान केलं. त्या भाषेत असा कप्पा घरच्यांनाच दिसतो, बाहेरच्याला दिसत नाही, त्यामुळे बाहेरच्या पडद्यावरून वाचकांची नावं गायब झाली. ते सुधारलं आणि वाचकांना ओळीत उभं करून एकेकाचा फोटोच हातात घेतला, खरा वाचक नाही, म्हणून सगळ्यांचा दंड माफ करूनही कोणाचाच माफ झाला नाही. बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हे पहिलं का बिघडलं?"

"हळद फोटोत पडली," मी बोलून गेलो.

"कुठली हळद?"

मग सगळं सांगावं लागलं. डबा, मोबाइल, पांढरे पोहे. त्या बाई हसता हसता खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "या चुका तुम्ही पाठ केल्या आहेत?"

"नाही मॅडम, केल्या आहेत. परत परत."

नोकरी मिळाल्याचं पत्र धनत्रयोदशीच्या आधी आलं. मी आधी खाली जाऊन काकूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पहिल्याच झटक्यात बरोबर आला का प्रोग्राम?" मी म्हटलं, नाही, दोनदा अडकला. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. काका नंतर मला हळूच म्हणाले की आत जाऊन त्यांनी डोळे पुसले. मग मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं." मग मागे गल्ला उघडून बंद केल्याचा आवाज आला. शेवटी म्हणाले, "दिवाळीला ये. बोलू."

मला धाकधूक लागली. काकू म्हणाल्या, "मी पण येते. तो बोर्ड मला असली बघायचा आहे. फोटो पाहून काय कळतं?"

असे काका-काकू आणि मी बेटम्याला गेलो. बाबांनी दुकानासमोर खुर्च्या टाकल्या, चहा मागवला. काकू बसल्याच नाहीत. रस्त्यात उभ्या राहून त्या बोर्ड बघत राहिल्या, एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून थकला. मग येऊन बसल्या आणि मला ज्याची भीती होती तेच झालं. त्यांनी बाबांना विचारलं, "भाईसाहेब, तुमची शेवटची चूक कोणती?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. "मालात म्हणता?"

"मालात नाही."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मला वाटलं विषय बदलतील. पण ते म्हणाले, "याला दिवाळीची तारीख दिली, ती." मग म्हणाले, "मला वाटलं, तारीख दिली तर हा लवकर परत येईल. खरं सांगू, मॅडमजी? हा फेल व्हावा म्हणून मी वाट बघून राहिलो होतो. शाम को दुकान बंद करतो तेव्हा कोणाशी बोलावं कळत नाही."

बाबांच्या तोंडून एवढं बोलणं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. काका दुसरीकडे बघायला लागले. काकू मात्र चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "शाबास. आता दुबारा करून दाखवा."

"म्हणजे?"

मी कसाबसा त्यांना काकूंचा नियम समजावला. बाबांनी मान हलवली, त्यांना तो पटलेला दिसला. ते उठले, दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले, चेहरा सरळ केला, अगदी वर्षापूर्वीसारखा. "हे बघ," ते मला म्हणाले, "पुढच्या दिवाळीपर्यंत..." आणि थांबले. परत म्हणाले, "पुढच्या दिवाळीपर्यंत..." मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "नाही होत, मॅडमजी."

"परत बघा."

"नाही होत."

"मग सुधारली," काकू म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

निघताना बाबा बोर्डाकडे बघून म्हणाले, "पेंटरला बोलावून ते 'आणि' पुसून घेतो."

"कशाला? राहू द्या," काकू म्हणाल्या. "जागा खाली दिसली की माणसाला कळतं, काय यायचं आहे."

बोर्ड अजून तसाच आहे. पिवळा रंग उडाला तेव्हा बाबांनी तो नव्यानं रंगवून घेतला, आणि 'आणि'पुढची हातभर जागा तेवढीच मोकळी ठेवली. बाहेरगावचं एखादं गिऱ्हाईक हटकून विचारतं, "सेठजी, इसके आगे कौन?" बाबा वजनकाट्यावरून नजर न काढता सांगतात, "लड़का है. इंदौर में रहता है. दिवाली पे आएगा."